आधी वजन सांगा

भोरी आळीत ताडपत्र्यांच्या आणि सुतळीच्या दुकानांमध्ये
अंग चोरून उभं असलेलं मुर्तजाभाईंचं गळाचं दुकान.
आत शिरलो, म्हटलं, मरळीसाठी काठी दाखवा. चांगली.
गल्ल्यावर त्यांची मुलगी होती, तस्नीम.
वहीतून मान वर न करता म्हणाली,
मासा राहू द्या काका. फेकणार किती वजनाचं?

खिशातला रबरी मासा काढून काचेवर ठेवला.
भाच्याने पाठवलेला, वीतभर, अंगाला तीन सांधे, शेपूट लुसलुशीत,
आणि डोळा असा वटारलेला
की खरेदीला तो आलाय, मी सोबतीला.
तिने तो शिशाचे गोळे तोलायच्या काट्यावर टाकला.
नव्वद ग्रॅम.
मग ही नाही. ही नाही. ही तर मुळीच नाही.
भिंतीवरची अर्धी दौलत तिने बोटानेच बाद केली.

मी बत्तीस वर्षं दापोडीत, एस्टीच्या वर्कशॉपात.
पाटे बसवले. वाकणं मला कळतं.
कुठला पाटा पंचावन्न माणसं घेऊन वरंधा चढेल
आणि कुठला भोर सुटताच कुरकुरायला लागेल,
हे मी हाताने दाबून सांगायचो.
तर तिने काठीचं टोक धरलं, मी मूठ. ओढा म्हणाली.
ओढली.
टोकाने लगेच नमतं घेतलं,
मधल्या भागाने जरा विचार केला,
आणि मुठीजवळ कोणीतरी ठाम उभं होतं.
हीच, म्हटलं. आठ फूट. कापू नका, जोडाची नको.

रिळाला मी सात-एकचं बोट दाखवलं, झपाझप गुंडाळणारं.
ती हसली. पाच-एक घ्या.
हा मासा पळवायचा नसतो, काका,
जरा बरं नाहीये त्याला, असं वाटलं पाहिजे.
म्हणजे घाटातला दुसरा गिअर. कळलं.
ब्रेकची चकती फिरवून पाहिली, कानाशी धरून.
टिकटिक एकसारखी होती. मुर्तजाभाई आतून ओरडले,
अहो, घड्याळ नाही ते!

दोरा विणलेला, शेवाळी हिरवा, पन्नास पौंडी.
तो ताणत नाही, म्हणाली. तळाची काटकीसुद्धा बोटाला सांगतो.
मात्र पुढे हातभर जाड नायलॉन बांधा.
सगळंच न ताणणारं असलं
की पहिल्या हिसक्याला काहीतरी तुटतं.
हे वाक्य बिलात नव्हतं, तरी घरी आणलं.
बिल नऊ हजार चारशेचं होतं.
घरी सहा सांगितलं.

कामशेतच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, काठीचं लगेज लागेल.
मी वर्कशॉपचा, म्हटलं.
मग नियम ठाऊकच असेल, म्हणाला, आणि तिकीट फाडलं.

सहा रविवार पवनेच्या फुगवट्यात.
नव्वद ग्रॅम हवेतून जातात तेव्हा
खांद्याला कळतं की आपण काहीतरी खरंच फेकलं.
पहिल्या रविवारी दोऱ्याचं घरटं झालं, दुपारपर्यंत सोडवत बसलो.
चौथ्या रविवारी, पाणवेलीच्या कडेला,
पाणी एकदम आत ओढलं गेलं
आणि हात माझ्या आधी धावला.
दोन आकडे मोजायला हवे होते.
वर आला तेव्हा माशाच्या पोटावर बारीक दातांची रांग होती,
शिवणीसारखी.
मी ती अंगठ्याने चाचपत बसलो, बस चुकली.

आता तो गच्चीवर, धुण्याच्या टपात.
शेपूट नीट हलते का ते पाहायला
मी वाकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत होतो.
इंदुमती चादरी वाळत घालत होती.
चिमटा दातात धरून बराच वेळ बघत राहिली,
मग चिमटा काढून म्हणाली,
डावीकडे ओढतोय तो. पुढचं अलाइनमेंट बघा.

आणि शिडीवरून उतरताना, पाठमोरीच,
नऊ हजार चारशेला एवढं तरी पाहून द्यायचं.